खिळ्याला टांगलेला तुकडा

दादा : चिकटला! तू बघ, चिकटला की नाही?

वहिनी : चिकटला.

दादा : आता बोला, मिस्त्री. स्टेनलेस स्टीलला चुंबक चिकटत नाही, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पाच वर्षांपूर्वी आमच्या गाडीसाठी पाण्याची टाकी बनवून दिलीत, तेव्हा काय म्हणाला होतात? उत्तम स्टील आहे, शेठ, गाडी भंगारात जाईल पण टाकी जाणार नाही. गाडी ठणठणीत बाहेर उभी आहे. टाकी इथे तुमच्या वर्कशॉपात चाळणी होऊन पडलीय.

मिस्त्री : चुंबक घरून आणलात?

दादा : फ्रिजवरून काढून आणलाय.

वहिनी : त्याच्याखाली आठवड्याच्या कामांचा कागद होता. तो आता ओट्यामागे पडलाय.

मिस्त्री : शेठ, आता तोच चुंबक सरळ पत्र्यावर लावा. कोपऱ्यात नको. मधोमध.

दादा : हा लावला.

मिस्त्री : पडला?

वहिनी : पडला.

मिस्त्री : पत्रा जिथे वाकवतो, तिथे तो थोडा धरतोच. चांगल्यातलं चांगलं स्टील घ्या, वाकवा, धरणार. खोटं वाटत असेल तर घरी स्वयंपाकघरातल्या सिंकच्या कोपऱ्याला लावून बघा.

दादा : हे बरं आहे. आपल्या सोयीचं तेवढं शास्त्र.

मिस्त्री : बरं, मग भिंतीकडे बघा. त्या खिळ्यांना काय टांगलंय?

वहिनी : पत्र्याचे तुकडे दिसतायत. नावं लिहिलेले.

मिस्त्री : मी जी टाकी बनवतो, तिच्या पत्र्याचा वीतभर तुकडा कापून ठेवतो. वर गिऱ्हाइकाचं नाव, तारीख. पुढे कुणी म्हणालं, मिस्त्रीने पत्र्यात लबाडी केली, तर एकाच पत्र्याची दोन भावंडं शेजारी ठेवायची. एक गिऱ्हाइकाकडे वाढलेलं, एक माझ्याकडे. वहिनी, तिसऱ्या ओळीत डावीकडून दुसरा. काढा तो.

वहिनी : ‘गालिचेवाले बंधू’. हा आमचा?

मिस्त्री : तुमचाच. पाच वर्षं इथे धूर, धूळ, पावसाळ्यातली ओल, सगळं खातोय. डाग दिसतो का कुठे?

वहिनी : नाही. पुसला की तोंड दिसेल.

दादा : तो तुकडा त्याच पत्र्याचा कशावरून? तुकडा चांगल्याचा टांगायचा आणि टाकी हलक्याची बनवायची. तुम्हाला काय अवघड आहे?

मिस्त्री : कापलेली कड जुळवून बघा. तुमच्या टाकीच्या झाकणाखाली मी एक कोपरा तिरका कापला होता. तो हा. बसतोय?

वहिनी : बसतोय हो. अगदी बसतोय.

दादा : तू कुणाच्या बाजूने आहेस?

वहिनी : मी तुकड्याच्या बाजूने आहे.

दादा : आणि एक सांगा, मिस्त्री. फोनवर दोनदा म्हणालात, आजच या, दुपारीच या. उद्या का नाही? काल का नाही? मी काय म्हणतो, माणूस एवढी घाई कधी करतो? काहीतरी खपवायचं असलं की.

मिस्त्री : मला आज वेळ होता.

दादा : तुम्हाला? आजवर मी आलो की तुम्ही तोंडावर काच ओढून वेल्डिंग करत असता. आज चहा काय, स्टूल काय, पंखा आमच्याकडे वळवून काय.

वहिनी : अहो, पंखा मीच वळवला.

दादा : असू दे. मुद्द्यावर या. आम्हाला नवी टाकी हवी. हजार लिटर. गरम पाण्याची. लोकांच्या दारात गाडी उभी करायची आणि गालिचे धुवायला नळी आत न्यायची, असं आमचं काम. पाणी संपलं की आम्ही संपलो. दोन आठवडे गाडी बंद आहे. बोला, कशाची बनवायची?

मिस्त्री : अॅल्युमिनियम सोडून द्या. वजनाला हलकं, पण तुमचं ते गरम पाणी त्याला खातं. वर्षभरात काळं पडेल.

दादा : ते मलाही माहीत होतं.

मिस्त्री : फायबर म्हणाल, तर गाडी खड्ड्यातून जाते. आज एक चीर, उद्या दुसरी. घरावर ठेवायला ठीक.

दादा : म्हणजे फिरून स्टीलच. बघ, मी म्हटलं होतं ना तुला? जुनं चाळणी झालं, आता नवीन गळ्यात मारणार.

मिस्त्री : मी तर प्लास्टिक म्हणणार होतो.

दादा : प्लास्टिक! आम्ही काय बादल्या घेऊन हिंडायचं? सत्तर अंशाचं पाणी असतं आमचं. पोट सुटेल टाकीचं.

मिस्त्री : जाड घेतलं आणि बाहेरून लोखंडी पिंजरा केला तर नाही सुटत. पाणी टाकीत गरम करू नका, नळीच्या वाटेत करा. हीटर पुढे घ्या, टाकीत थंडच राहू द्या. प्लास्टिकला जोड नाही, गंज नाही. आणि आत काहीही घातलं तरी त्याला फरक पडत नाही.

दादा : काहीही म्हणजे?

मिस्त्री : काहीही म्हणजे काहीही.

दादा : आमच्या टाकीत पाणी असतं. साबणाची टाकी वेगळी, घाण पाण्याची वेगळी. स्वच्छ टाकीत फक्त स्वच्छ पाणी.

मिस्त्री : म्हणूनच विचारतोय. टाकी मी परवा कापून उघडली. हा बघा आतला भाग. वहिनी, बोट फिरवा. जपून, कडा लागेल.

वहिनी : खरखरीत आहे. सुईच्या टोकाएवढी भोकं. हा तपकिरी पट्टा कसला?

मिस्त्री : पाणी जिथवर उभं राहायचं तिथली रेघ. तिच्या खाली सगळी भोकंच भोकं, वरती पत्रा कोरा. साध्या पाण्याने असं होत नाही. पोहण्याच्या तलावावरची शिडी बदलायला जातो ना मी, तिच्या पायऱ्या अशा झालेल्या असतात.

वहिनी : तलावात काय असतं?

मिस्त्री : क्लोरीन. तुम्ही कपड्यांचे डाग काढायला वापरता ते ब्लीच, त्यात तेच.

दादा : बाहेर जा आणि आमच्या गाडीवर काय लिहिलंय ते वाचून या. ‘ब्लीच नाही, काळजी नाही.’ हातभर अक्षरं आहेत. लाल रंगात.

मिस्त्री : वाचली. म्हणून तर मला कोडं पडलं.

दादा : कोडं कसलं? थांबा. थांबा! अगं, लक्षात येतंय का तुझ्या? छोट्या! दुसरं कोण? दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंचा लाल गालिचा त्याने गुलाबी करून ठेवला. मी तेव्हाच म्हणालो, याने ब्लीच वापरलंय. रडला, शपथा घेतल्या, पाण्यालाच वास येत होता म्हणाला. घ्या आता. हा पुरावा. टाकीतच घालत होता लबाड.

वहिनी : भाऊजी टाकीत ब्लीच कशाला घालतील?

दादा : काम लवकर उरकायला! डाग निघाला की झालं. मी उगीच हाकललं का त्याला? सख्खा भाऊ होता माझा. मला काय आनंद झाला होता?

वहिनी : आनंद झाला नव्हता. पण माफीची ती चिठ्ठी तुम्ही त्यांच्याकडून लिहून घेतलीत. मी ओट्यापाशी उभी होते. तुम्ही सांगत होतात, ते लिहीत होते. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे.’ तो शब्द त्यांना लिहिता येईना, तर तुम्ही अक्षर अक्षर सांगितलंत.

दादा : गिऱ्हाइकाला काय उत्तर द्यायचं मग? गावभर झालं असतं.

वहिनी : झालंच की गावभर. त्यांच्या नावाने झालं. कुणी गालिच्याला हात लावू देईना त्यांना.

मिस्त्री : शेठ, छोटे भाऊ गेले त्याला किती वर्षं झाली म्हणालात?

दादा : दोन वर्षं. पुरी.

मिस्त्री : मागच्या वर्षी तुम्ही टाकी घेऊन आला होतात. तोटीपाशी गळत होती. मी तोटीभोवतीचा पत्रा कापून नवा बसवला. आठवतं?

दादा : आठवतं. त्याचं काय?

मिस्त्री : तेव्हा मला वाटलं, माझाच जोड कच्चा राहिला. स्वतःची चूक समजून गप्प बसलो, आत डोकावलो नाही. हा तो नवा पत्रा. एक वर्षाचा. वहिनी, याच्यावर फिरवा बोट.

वहिनी : यालाही भोकं आहेत.

मिस्त्री : तो पत्रा बसवला तेव्हा छोटे भाऊ तुमच्याकडे नव्हते.

दादा : मग... मग नळाच्या पाण्यातच असेल. पालिका घालते की क्लोरीन. सगळ्यांच्याच पाण्यात असतं.

मिस्त्री : असतं. चिमूटभर. तेवढ्याने असं व्हायला आपल्या दोघांना म्हातारं होऊन मरावं लागेल.

दादा : तुम्हाला काय म्हणायचंय ते सरळ म्हणा ना! तासभर गोल गोल फिरवताय. आधी चुंबक, मग तुकडे, मग तलावाची शिडी. मला कोर्टात उभं केलंय का?

मिस्त्री : मी कशाला म्हणू? टाकी तुमची.

वहिनी : अहो.

दादा : काय?

वहिनी : तो निळा सदरा. गाडी धुवायला घालायचात तो. त्याच्यावर पांढरे ठिपके पडले होते. पुढे, पोटावर. मी विचारलं तर म्हणालात, चुना उडाला.

दादा : उडाला असेल चुना.

वहिनी : चुना धुतल्यावर जातो. मी तीनदा धुतला. ते ठिपके नव्हते, रंगच गेला होता. नंतर करड्या सदऱ्यालाही तसेच पडले.

दादा : सदऱ्यांचा हिशेब ठेवतेस तू?

वहिनी : धुणारीला ठेवावा लागत नाही, राहतो. दर रविवारी जेवण झालं की तुम्ही गाडीपाशी जायचात. एकटे. मी म्हणायची, जरा पडा, तर म्हणायचात, गाडीला वेळ द्यायला लागतो. आणि आत आलात की हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचात.

दादा : मिस्त्री, चहा मिळेल का अजून?

वहिनी : चहा नको. मिस्त्री, तुम्ही जागेवर बसा. अहो, माझ्याकडे बघून सांगा. घालत होतात?

दादा : टाकीला वास यायचा.

वहिनी : घालत होतात.

दादा : कोमट पाणी उभं राहिलं की आत शेवाळ धरतं, बुळबुळीत होतं. लोकांच्या बैठकीत नळी सोडली की वास सुटायचा. एकदा एका बाईने नाकाला पदर लावला माझ्यासमोर. मी काय करायचं? रविवारी गाडी उभीच असायची. दुपारी एक डबा ओतायचा, रात्रभर ठेवायचं, सोमवारी उजाडताच तोटी उघडून सगळं सोडून द्यायचं. दोनदा विसळायचो. गिऱ्हाइकाच्या गालिच्यावर थेंबही जाणार नाही असं करायचो मी. थेंबही.

वहिनी : भाऊजींना सांगितलं होतं?

दादा : कुणालाच नाही सांगितलं. गाडीवर हातभर अक्षरात लिहिलंय, मग सांगू कसा? त्याच्या पोटात काही राहतं का? चार जणांत बोलला असता.

वहिनी : डॉक्टरीणबाईंचा फोन रविवारी आला होता.

दादा : हो.

वहिनी : दुपारी. संध्याकाळी पाहुणे येणार, कुणी काहीतरी सांडलंय, येता का म्हणून. तुम्ही झोपला होतात. भाऊजी म्हणाले, दादाला उठवू नको वहिनी, मी जाऊन येतो, त्याला तेवढीच झोप मिळेल. आणि गाडीची किल्ली मी दिली. या हाताने.

दादा : तुझी काय चूक त्यात?

वहिनी : माझी चूक विचारत नाहीये मी. रात्री तुम्ही त्यांना वाटेल ते बोललात, तेव्हा ते म्हणत होते, दादा, पाण्यालाच वास होता. दहादा म्हणाले. तेव्हा तुमच्या डोक्यात आलं नाही?

दादा : नाही. देवाशपथ नाही. मी चिडलो होतो. बाईंनी फोनवर जे काय सुनावलं... मला वाटलं याने कुठूनतरी डबा आणला. तेव्हा खरंच तसं वाटलं.

वहिनी : मग कधी आलं?

दादा : जाऊ दे ना आता.

वहिनी : कधी आलं?

(दादा चुंबक या हातातून त्या हातात घेत राहतो.)

दादा : सोमवारी. सकाळी नेहमीसारखा तोटी उघडायला गेलो. टाकी रिकामी होती.

वहिनी : सोमवारी सकाळी. आणि चिठ्ठी?

दादा : चिठ्ठी मंगळवारी लिहून घेतली.

मिस्त्री : मी बाहेर जाऊन येतो जरा.

वहिनी : नको, मिस्त्री. थांबा. कुणीतरी तिसरं असू दे इथे, नाहीतर मी काय बोलेन माझं मलाच कळणार नाही. अहो, मंगळवारी तुम्हाला माहीत होतं. माहीत असून त्यांना ‘निष्काळजीपणा’ शिकवत होतात?

दादा : शब्द तोंडातून गेले होते गं. सगळ्यांसमोर. चोर म्हणालो होतो मी त्याला. आता कोणत्या तोंडाने जाऊन सांगायचं, की बाबा, मीच? वाटलं, आठ दिवस जाऊ देत, मग बोलू. मग महिना गेला. मग तो भेटेना. मग मला त्याची सवय झाली. लाज वाटते सांगायला, पण झाली.

वहिनी : आणि तरी ओतत राहिलात. त्यानंतरही. मागच्या वर्षीचा पत्राही खाल्लात.

दादा : बंद केलं असतं, तर बंद का केलं याचं उत्तर द्यावं लागलं असतं.

वहिनी : कुणाला? विचारायला होतं कोण?

दादा : मीच.

मिस्त्री : शेठ, एक सांगू? रागावू नका.

दादा : आता रागवायला माझ्याकडे राहिलंय काय?

मिस्त्री : मागच्या महिन्यात एक जण आला होता. म्हणाला, एक जुनी छोटी गाडी मिळालीय, पुन्हा गालिचे धुवायचं काम सुरू करतोय, टाकी पाहिजे. मी विचारलं, कशाची? म्हणाला, पांढऱ्या प्लास्टिकची. मी म्हटलं, तुमच्या धंद्यातले सगळे स्टील मागतात, चकाकतं, गिऱ्हाइकावर छाप पडते. तर म्हणाला, नको, मिस्त्री. आत काय आहे ते मला बाहेरून दिसलं पाहिजे. माझा माझ्यावर भरवसा नाही.

वहिनी : काय म्हणाले?

मिस्त्री : म्हणाला, आठवून आठवून थकलो. शपथेवर सांगायचो मी काही घातलं नाही. पण सगळे म्हणतात तर माझ्याच हातून डबा बदलला असेल. आता पाण्याचासुद्धा डबा दोनदा हुंगून ओततो म्हणाला. तेव्हा मला काही समजलं नाही. परवा तुमची टाकी कापली, रेघ बघितली, तेव्हा समजलं.

दादा : त्याला... त्याला स्वतःलाच वाटतं, की त्याने केलं?

मिस्त्री : तसं म्हणाला खरा.

दादा : मला वाटायचं, तो मला शिव्या देत असेल. दोन वर्षं मी तसंच धरून चाललो. की त्याला माहीत आहे आणि तो कुठेतरी बसून मला शिव्या देतोय.

वहिनी : त्या खिळ्यावरचा पांढरा तुकडा. शेवटच्या ओळीतला. त्याच्यावर नाव दिसत नाही.

मिस्त्री : मी लिहायला घेतलं होतं. तो म्हणाला, नाव नका लिहू, नाव वाचून लोक टाकीसुद्धा परत पाठवतील. हसत म्हणाला, पण म्हणाला.

वहिनी : कुठे राहतात ते आता? कसे आहेत? बारीक झालेत का?

मिस्त्री : बारीक तो आधीपासूनच. टाकी तयार आहे त्याची. त्या ताडपत्रीखाली.

दादा : न्यायला कधी येणार?

मिस्त्री : आज. चार वाजता.

वहिनी : आज?

दादा : बघ! म्हटलं होतं ना मी? आजच या, दुपारीच या! माझा संशय खोटा नव्हता. मला डाव दिसत होता, मिस्त्री, पहिल्या फोनपासून दिसत होता.

मिस्त्री : डावच होता, शेठ. नाही म्हणत नाही. तुम्ही कबूल झाला नसतात, तर पावणेचारलाच तुम्हाला वाटेला लावणार होतो.

वहिनी : किती वाजलेत?

मिस्त्री : चाराला पाच कमी.

दादा : चल. चल, ऊठ. आपण उद्या येऊ टाकीचं ठरवायला. असं एकदम नाही, मला जरा विचार करू दे, त्याला फोन करतो मी घरी गेल्यावर, नीट बसून...

वहिनी : तुम्ही जा. गाडीची किल्ली माझ्याकडे आहे आणि मी थांबणार आहे.

दादा : मी काय बोलणार त्याच्याशी? सांग ना. पहिलं वाक्य काय बोलू?

वहिनी : मला जे बोललात तेच. टाकी रिकामी होती.

दादा : तो ऐकून घेईल?

वहिनी : मला माहीत नाही. नाही घेतलं तरी, निदान डबे हुंगायचं थांबवतील.

मिस्त्री : शेठ, तुमच्या टाकीचं काय करू? स्टील की प्लास्टिक?

दादा : पांढरी बनवा. त्याच्यासारखीच. आणि मिस्त्री, तुमच्याकडे लाल रंग काढायचं काही आहे का? गाडीवरची अक्षरं खरवडायचीत.

मिस्त्री : आहे. काढून ठेवतो.

वहिनी : गाडीचा आवाज येतोय. वळणावर.

दादा : मिस्त्री, तो पांढरा तुकडा जरा द्या इकडे. आणि नाव लिहायचं ते पेन.